अक्काचा डावा कान

पहिला मार मी खाल्ला तो अक्कामुळे. आठवीत होते. पाण्यात ती माझ्या मागून पोहत येत होती. तिची बोटं माझ्या टाचेला लागली आणि भिंतीपाशी पोचल्यावर तिने नियमाप्रमाणे हात वर करून सांगितलं, "पाय लागला." आम्हाला पोहणं शिकवणाऱ्या मिसनी मला बाहेर बोलावलं, पाठमोरं उभं केलं आणि झाडांना पाणी घालायच्या हिरव्या पाइपचे दोन फटके मांड्यांवर मागून ओढले. ओल्या अंगावर पाइप कसा बसतो हे खाल्लेल्यालाच कळतं. पहिल्या फटक्याचा नुसता आवाज येतो. दुसरा फटका पडेपर्यंत पहिला दुखायला लागलेला असतो.

अक्का म्हणजे माझी चुलतबहीण. माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी, आणि तेवढ्या दोन महिन्यांपायी मला जन्मभर तिला अक्का म्हणायची शिक्षा झाली होती. घर बसवनगुडीत. खाली शिवणकामाचं दुकान आणि वर आम्ही सगळे. आमचे पूर्वज बेंगळुरात नेमके कधी आले ते घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही, पण कुठल्या शाळेच्या पिनाफोरला किती चुण्या असतात हे अंगणवाडीतल्या पोरानेही सांगितलं असतं. माझे अप्पा आणि अक्काचे वडील, म्हणजे माझे मोठे काका, एकाच टेबलावर कापड बेतायचे.

घरातल्या मुलींचं भविष्यही तिथेच बेतलेलं होतं. दहावी झाली की वरच्या खोलीत बसायचं, युनिफॉर्मच्या शर्टांना काजं करायची, हूक लावायचे, आणि लग्न ठरलं की उठायचं. माझ्या आत्याने अकरा वर्षं काजं केली होती. तिच्या डाव्या हाताच्या बोटांकडे बघवायचं नाही. मी मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी त्या खोलीत बसायचं नाही. पण बाहेर पडायला मार्क लागतात, आणि माझं गणित असं होतं की सर माझा पेपर परत देताना माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

मग मिस आल्या. शाळेत येऊन त्यांनी सातवी-आठवीच्या मुलींचे हात आणि तळपाय मापले आणि आम्हा दोघींना निवडलं. तलाव घरापासून चालत वीस मिनिटांवर होता. शहरातल्या एका मोठ्या कॉलेजात दरवर्षी खेळाच्या कोट्यातून पोहणाऱ्या एका मुलीला जागा मिळते, आणि मिसच्या हाताखालची मुलगी ती जागा बहुतेक वेळा घेते, असं त्यांनी अप्पांना सांगितलं. मार्क नाही बघत का, असं मी मध्येच विचारलं. पास असलं की पुरे, म्हणाल्या. त्या क्षणापासून ती जागा माझी, असं मी धरून चालले. अडचण एकच होती. अक्कालाही ती हवी होती आणि अक्का माझ्याहून वेगात पोहायची.

आमचे पोहायचे पोशाख अप्पांनी स्वतः शिवले, कारागिरांना हात लावू दिला नाही. काळं नायलॉन, गुडघ्याखाली जाणारं, गळा बंद. आणि शिंप्याच्या सवयीने आतून सगळीकडे दोन-दोन इंच माया सोडलेली, पोरी वाढतील तेव्हा उसवून मोठं करता यावं म्हणून. पाण्यात उतरल्यावर त्या मायेत पाणी भरलं आणि आम्ही दोघी भिजल्या गोधड्यांसारख्या तळाशी जायला लागलो. मिसनी बाहेर काढून कात्री मागवली आणि पोशाख आमच्या अंगावरच कापला. कापताना माझ्या मांडीला कात्रीचं टोक लागलं, रक्त आलं. त्यांनी अंगठ्याने ते पुसलं आणि पुन्हा पाण्यात ढकललं. घरी अप्पा ते चिंध्या झालेले काठ बोटांनी चाचपत बसले. त्यांना मुलीच्या मांडीपेक्षा शिलाईचं जास्त लागलं असणार, असं मी तेव्हा म्हणाले होते आणि आईकडून एक धपाटा खाल्ला होता.

मिस मारतहळ्ळीकडून यायच्या. तेव्हा ते गावाबाहेरचं गाव होतं. अंधारात मोपेडवरून एवढं अंतर तोडून त्या पाचला तलावावर हजर असायच्या. डिसेंबरात पाण्यावर धूर दिसायचा आणि आम्ही काठावर कुडकुडत उभ्या असायचो. उतरायला उशीर केला की पाइप. भिंतीला एका हाताने शिवलं की पाइप. बुडणाऱ्याला धरायला द्यायचा एक लांब बांबू होता, तो मिस आमच्या डोक्यावर ठेवायच्या. श्वास वाढावा म्हणून. वर यायला लागलं की बांबू खाली दाबायच्या. मी एकदा खालूनच तो बांबू धरून ओढला, वाटलं की या बाईला आत घ्यावं आणि वर बसावं. त्या पडल्या नाहीत. मला मात्र त्या दिवशी चार जास्त मिळाले, आणि शेवटचा देताना त्या हसत होत्या. सेट संपला की त्याच हाताने डब्यातली उकडलेली अंडी सोलून आम्हाला भरवायच्या. आमच्या घरी अंडं चालायचं नाही, म्हणून अक्का आणि मी घरी जायच्या आधी नळावर तोंड खळाखळा धुवायचो.

आणि तो नियम. एका पट्ट्यात आम्ही पाच मुली एकामागोमाग पोहायचो, पाच-पाच सेकंदांनी सुटून. मागच्या मुलीचा हात पुढचीच्या पायाला लागला की पुढची हळू, म्हणून पुढचीला दोन पाइप आणि रांगेच्या शेवटी रवानगी. जिचा हात लागला ती एक जागा पुढे. मिसना डोळ्यात तेल घालून बघावं लागतच नव्हतं. आम्हीच एकमेकींना धरून त्यांच्या हातात देत होतो.

मी लवकर शिकले. हात लागायच्या आधीच लागला म्हणून सांगायला शिकले. मागून येणारीच्या तोंडावर टाच कशी बसवायची तेही शिकले. एकीच्या नाकातून रक्त आलं, पाण्यात लाल रेघ पसरली, मिसनी तिला चूळ भरायला सांगितली आणि सेट चालू राहिला. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? बरं वाटलं होतं. एक कमी झाली, असं वाटलं होतं.

घरी मार दिसायचा. आई वळांना खोबरेल लावायची. अप्पा म्हणायचे की त्यांच्या उस्तादाने त्यांना कात्रीच्या मुठीने बोटांवर मारून शिवण शिकवलं, आणि बघा, आज अर्धी बसवनगुडी आपण शिवलेले कपडे घालते. आमच्या घरात माराला कुणी वाईट म्हणत नव्हतं. चुकलं की मार, मार झाला की विषय संपला, मग जेवायला बसायचं. मला ती पद्धत आवडायची, कारण माझं सारखं काहीतरी चुकत असायचं.

नववीच्या शेवटी एकदा न्हाणीघरात अक्का माझ्या पायांना तेल लावत होती. मला तेव्हा जवळजवळ रोज मार पडत होता, आणि रोज तिच्यामुळेच. अक्का कधी खोटं सांगायची नाही. हात लागला तरच सांगायची, पण तिचा हात लागायचाच. तेल लावता लावता ती म्हणाली, "यापुढे मी तुला लावणार नाही. मी स्वल्प हळू येईन. तू पोह."

पहिले दोन दिवस मला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी पोहताना मला मागे ती जाणवली. मुद्दाम आखडून घेतलेले तिचे हात, माझ्या टाचांपासून वीतभर लांब. आणि माझ्या डोक्यात तिडीक उठली. मी पुढे होते ती तिने राहू दिलं म्हणून! पाइपचा मार मी कधी मनावर घेतला नाही, पण ही दया मला सोसेना. वर घरी ती माझ्याशी इतकं गोड बोलायची की भांडायलाही जागा नव्हती. जागा तिलाच मिळणार हे तिला माहीत आहे, म्हणून ती एवढी मोठ्या मनाची झालीय, असं मी मनात घोकत राहिले. ते खरं होतं की नाही हे मी तिला कधीच विचारलं नाही.

दहावीच्या वर्षी, गणपती झाल्यावर, मिसच्या लक्षात आलं. स्टॉपवॉच खोटं बोलत नाही. अक्काचा वेळ महिन्यांमागून महिने वाढत होता आणि ती थकलेली मात्र दिसायची नाही. मिसनी तिला विचारलं, ती गप्प. मला विचारलं, आणि मी सांगून टाकलं. मला कुणी मारलंही नव्हतं तोवर.

मिसनी आम्हा दोघींना काठावर समोरासमोर उभं केलं. बाकीच्या मुलींना पाण्यातून बघायला लावलं. एकीने एक थोबाडीत द्यायची, मग दुसरीने, आणि थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही. तुम्हाला एकमेकींची फार काळजी आहे ना, म्हणाल्या, मग आता जपून मारा बघू.

अक्काने गालाला नुसता हात लावला. मिसनी लगेच तिला पाइप ओढला. मी मारली, मध्यम. अक्काने पुन्हा तसंच केलं, पुन्हा पाइप खाल्ला. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी हात हलकाच. ती माझ्याऐवजी पाइप खात होती आणि सगळ्या जणी ते बघत होत्या, आणि मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की कानात घण पडायला लागले. तिची टोपी कानांवरून वर सरकली होती. डावा कान उघडा होता, त्यातून पाणी गळत होतं. पाणी भरलेल्या कानावर उघड्या तळव्याने मारू नये हे आम्हाला मिसनीच पहिल्या वर्षी सांगितलं होतं. मी हात मागे नेला. गाल कुठे संपतो आणि कान कुठे सुरू होतो हे मला स्वच्छ दिसत होतं. मी अंगातला सगळा जोर लावून मारली.

अक्का खाली बसली. ओरडली नाही. मिस कानडीत म्हणाल्या, "साकू. पुरे." त्यांचाही चेहरा उतरला होता.

घरी जाताना अक्का भिंतीला धरून चालत होती, रस्ता कलतोय म्हणत होती. मी तिला सांगितलं की घरी बोलू नकोस, दोन दिवसांत बरं होईल, नाहीतर आपल्या दोघींचं पोहणं बंद होईल. तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती पाण्यात उतरली, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ताप चढला आणि उशीवर पिवळा डाग दिसला. डॉक्टरांनी नळीतून बघितलं आणि पडदा फाटलाय म्हणाले, आत घाण पाणी जाऊन पू झालाय. हे थापडीने झालंय, कुणी मारलं, असं त्यांनी विचारलं. अक्का ग्लानीत होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मिसनी मारलं," मी म्हणाले.

मोठे काका तसेच उठले. अप्पा त्यांच्यामागे, आणि अप्पांमागे मी, कारण मला घरी थांबायची भीती वाटली. तलावावर मिस पाइप घेऊनच उभ्या होत्या. काकांनी तो हिसकावला आणि सगळ्या पोरांदेखत त्या बाईला दोन ओढले, एक खांद्यावर आणि एक तोंडावर. आयुष्यभर खडूने कापडावर रेघा मारणारा माणूस तो, रागात त्यांना शिव्यासुद्धा धड येत नव्हत्या. मिसचा ओठ फुटला. त्यांनी काकांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग ओठ पुसून म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. झालं असेल तर जा आता." त्यांनी तोंड उघडलं असतं तर मी तिथेच संपले असते. त्या गप्प का राहिल्या हे मला पुढे आठ महिने कळलं नाही.

अक्काचा कान सुधारला नाही. ऑपरेशन करून पडद्याला ठिगळ लावून बघितलं, ते धरलं नाही. डोकं पाण्याखाली घालायचं नाही, असं डॉक्टरांनी कायमचं सांगितलं, आणि डाव्या बाजूने बोललेलं तिला ऐकू येईनासं झालं.

मी मात्र पंधरा दिवसांत पुन्हा तलावावर जायला लागले. त्याच बाईकडे. आईचा विरोध होता, पण अप्पा म्हणाले की एकीचं गेलं, आता दुसरीचं कशाला घालवायचं, आणि ती बाई परत हात लावायची हिंमत करणार नाही. मोठ्या काकांना हे सहन झालं नाही. ज्या बाईने माझ्या पोरीचा कान फोडला तिच्याकडे तू तुझी पोरगी पाठवतोस, एवढंच ते म्हणाले आणि त्यानंतर अप्पांशी बोलायचे थांबले. दिवाळीआधी घरात दोन चुली झाल्या. खाली टेबल एकच राहिलं. दोघं भाऊ दोन टोकांना उभे राहून कापड बेतायचे आणि कात्री हवी असली तर कारागिराकडून मागवायचे.

अक्काने कुणाला काही सांगितलं नाही. ताप उतरल्यावर तिला कळलं असणारच की मी काय सांगून बसलेय. मी रोज वाट बघायची की आज ही सांगेल. ती मला उजव्या बाजूला बसायला सांगायची आणि शाळेचा अभ्यास विचारायची.

मिसनी मला पुन्हा कधी मारलं नाही. पाइप नळाला लावून ठेवला. मी उशिरा उतरले तरी काही नाही, भिंतीला एका हाताने शिवलं तरी काही नाही. मी मुद्दाम चुका करून बघितल्या. एकदा तर मी पट्ट्याच्या मधोमध थांबून उभी राहिले. त्यांनी फक्त स्टॉपवॉच शून्यावर आणलं. घरी धपाटा मिळेल म्हणून आईला उलटून बोलले, पण दोन चुलींच्या त्या घरात आईच्या हातातलं बळच गेलं होतं. मी भुकेल्यासारखी मार शोधत होते आणि तो सगळा राग पाण्यावर काढत होते. वेळ उतरत गेला. मार्चपर्यंत मी अक्काच्या जुन्या वेळेच्याही खाली गेले.

परीक्षा झाली, मेमध्ये कॉलेजची निवडचाचणी झाली. शंभर मीटर फ्रीस्टाइल, आठ मुली, जागा एक. शेवटच्या पंचवीस मीटरमध्ये माझ्या बाजूच्या पट्ट्यात एक उंच मुलगी बरोबरीने होती. पट्ट्याच्या दोरीवरून तिचा कोपर माझ्या खांद्यावर आपटला, मी पुढच्या हाताला तिच्या मनगटावर तसाच दिला, आणि भिंतीला पंजाभर आधी लागले. तोंडात रक्ताची चव होती, जीभ चावली गेली होती. कॉलेजच्या बाईंनी यादीत माझं नाव लिहिलं आणि जूनमध्ये या म्हणाल्या.

मिस कपडे बदलायच्या खोलीबाहेर उभ्या होत्या. अभिनंदन वगैरे काही नाही. म्हणाल्या, "आता घरी सांग. त्या दिवशी मी खरं बोलले असते तर घरच्यांनी तुलाही काढलं असतं. एक पोरगी माझ्या हातून गेलीच होती. आता तुझी जागा झाली." थोड्या वेळाने म्हणाल्या की मारायला मीच उभं केलं होतं, ते मी नाकारत नाही, पण कानावर मारायला मी सांगितलं नव्हतं. मग मोपेड सुरू करून गेल्या.

मी घरी आले तेव्हा दुपार होती. शाळा उघडायचे दिवस जवळ आलेले, दुकानात निळ्या कापडाचे गठ्ठे छताला भिडले होते. टेबलाच्या एका टोकाला अप्पा, दुसऱ्या टोकाला मोठे काका, आई हिशेबाने बटणं वाटत होती. वर जागा नव्हती म्हणून अक्का खालीच पाटावर बसून काजं करत होती. दहावीचा निकाल लागायचा होता, पण ती आधीच बसली होती. अप्पांनी नजरेनेच विचारलं. झाली निवड, मी म्हटलं. आईने बटणांचा डबा खाली ठेवला. अक्काने मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला आणि हसली, खरंखुरं.

ते हसू बघितलं आणि मला राहवेना. मी म्हणाले, "मिसनी नाही मारलं. मी मारलं होतं. कान बघून मारलं."

मशीन थांबलं. मोठ्या काकांच्या हातातून खडू पडला. त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, ज्या हाताने त्यांनी त्या बाईचं तोंड फोडलं होतं. अप्पा टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आले, लाकडी गज घेऊनच, आणि त्यांचा हात वर गेला. मी मागे सरले नाही. एक पाऊल पुढे झाले, गाल पुढे केला आणि डोळे मिटले. इतकी आतुर मी त्या शंभर मीटरच्या भिंतीसाठीही झाले नव्हते. दोन, चार, दहा, जितके मारतील तितके, आणि मग सगळे एका पंगतीला जेवायला बसतील.

काही पडलं नाही. डोळे उघडले तर अक्का मध्ये उभी होती. तिने अप्पांचं मनगट धरलं होतं, सुई अजून तिच्या दुसऱ्या हातात होती.

"मारू नका, काका," ती म्हणाली. "मार बसला की ती सुटेल."

अप्पांचा हात खाली आला. त्यांनी गज टेबलावर ठेवला. आई रडत होती. अक्का पुन्हा पाटावर जाऊन बसली, तिने अर्धवट राहिलेला शर्ट मांडीवर ओढला आणि मी डाव्या बाजूला उभी असल्यासारखी मान खाली घालून शिवायला लागली.

मी गाल पुढे करून तशीच उभी राहिले. त्या घरात मला पुन्हा कुणी हात लावला नाही.